चंद्रावरच्या तंबोऱ्याची जवारी

एक कोडं घालते. समजा, तुमच्यापासून जवळजवळ चार लाख किलोमीटर लांब एक बाई राहतात. त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तुमच्या शाळेतल्या बाईंचा फोन नंबर त्यांच्याकडे नाही. त्यांची एक नाजूक वस्तू बिघडली आहे आणि ती नेमकी तुम्हाला दुरुस्त करता येते. आता त्यांची खात्री कशी पटवाल? तोंडाने सांगून? सांगायला काय जातंय, मला विमान उडवता येतं असंही मी सांगेन.

हे कोडं मला गेल्या वर्षी, म्हणजे २०५८ साली पडलं. मी तरन्नुम मुजावर, वय तेरा, राहणार मिरज. आमच्या घरी तंबोरे बनतात. माझे नाना, म्हणजे आईचे वडील (त्यांचंही आडनाव मुजावरच), जवारीचे उस्ताद. जवारी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तंबोऱ्याच्या तारा एका रुंद पट्टीवरून जातात. तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट असला तर आवाज कोरडा येतो. तो कानशीने किंचित उतरता घासला की थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. मग मूळ सुराबरोबर त्याचे उपस्वर (त्याच सुरातून निघणारे वरचे बारीक सूर) मोकळे होतात आणि तंबोरा गुंजायला लागतो. ही घासणी म्हणजे जवारी. केसभर जास्त घासलं की घोडी वाया. घासलेलं परत चिकटवता येत नाही.

तर एका सकाळी कारखान्यात निरोप आला, तो थेट चंद्रावरून. तिथल्या संशोधन वस्तीत अकरा माणसं राहतात. त्यांतल्या डॉ. अन्विता सरंजामे या वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी जाताना एक तंबोरा नेला होता आणि रोज संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती बसून गायचे. तारांनी घोडीवर चरे पाडले आणि आवाज बसला. दुसरी घोडी पोचायला अकरा महिने लागणार होते. वस्तीत बारीक कामं करणारा एक यंत्रहात आहे, तो पृथ्वीवरून चालवता येतो. पण वस्तीचा नियम कडक. ज्याच्याकडे त्या कामाचा तपासलेला डिजिटल बॅज (संगणकात साठवलेलं, कुणालाही पडताळून पाहता येणारं कौशल्याचं प्रमाणपत्र) आहे, त्यालाच तो हात चालवायला मिळतो.

नानांकडे जवारीचा बॅज होता, कारागीर मंडळाने दहा वर्षांपूर्वी दिलेला. मग अडचण कुठे होती?

अडचण नानांच्या कानात होती. आपल्या कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात. वयाप्रमाणे त्या झिजतात आणि सगळ्यात आधी जातात ते वरचे सूर. हा निरोप येण्याच्या वर्षभर आधी एक दिवस नाना तार छेडून म्हणाले, "छान बोलतेय." ती छान बोलत नव्हती. ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी कानस उचलली आणि चार हात मारले. नाना परत आले, त्यांनी घोडीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुढचा तंबोरा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. तेव्हापासून चौदा तंबोरे गेले, सगळे नानांच्या नावाने. आमच्याकडे रीतच तशी आहे. उस्ताद सांगेपर्यंत शिकणाऱ्याचं काम उस्तादाच्या नावाने जातं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं वाटत होतं.

चंद्राचा निरोप वाचून नाना म्हणाले, "जमणार न्हाई म्हणून कळव." आणि पाठ फिरवून बसले. मला मात्र तो तंबोरा दिसायला लागला, भिंतीला टेकून गप्प बसलेला. मग मी एक मूर्खपणा केला. नानांच्या बॅजचं गोल हिरवं चित्र घेतलं, त्यावरचं नाव पुसून माझं टाकलं आणि कुणाला न सांगता कौशल्य केंद्र गाठलं.

केंद्रात पारखी असतो. पारखी म्हणजे यंत्रमानव. उंची माझ्याएवढी, बोलणं मात्र मराठीच्या पुस्तकासारखं. मी चित्र त्याच्यापुढे धरलं. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर दोन बॅज उमटले, एक नानांचा आणि एक माझा. नाव सोडलं तर दोन्ही हुबेहूब.

"यांतला एक बॅज आहे आणि एक चित्र आहे," पारखी म्हणाला. "कोणतं काय, ते तुला माहीत आहे."

माझे कान तापले. "तुला कसं कळलं?"

"बस, दाखवतो." त्याने नानांच्या बॅजवर बोट ठेवलं, तसा तो डब्यासारखा उघडला. आत ओळी होत्या. बॅज कुणाला दिला, कुणी दिला, कधी दिला. कोणतं काम आलं म्हणजे मिळतो, त्या अटी. मग पुरावे: नानांनी जवारी केलेल्या तंबोऱ्यांचे आवाज, काम करतानाचं चित्रण. मी एक आवाज लावून पाहिला. दहा वर्षांपूर्वीचे नाना काय काम करत होते, काय सांगू. माझ्या अंगावर काटा आला.

"आता तुझा उघड," पारखी म्हणाला. माझा उघडेना. आत काही नव्हतंच.

"आणि मी आतल्या ओळी पण चोरल्या असत्या तर?" मी विचारलं. आता लपवून काय उपयोग होता?

"तर मोहोर तुटली असती. एक खेळ खेळू. तीन, एक, दोन असे आकडे घे. पहिल्याला एकाने गुण, दुसऱ्याला दोनाने, तिसऱ्याला तिनाने, आणि बेरीज कर."

"तीन, अधिक दोन, अधिक सहा. अकरा."

"आता पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल कर. आकडे तेच, फक्त जागा बदलली."

"एक, अधिक सहा, अधिक सहा. तेरा आले."

"म्हणजे जरा हात लावला की उत्तर बदलतं. बॅजमधल्या प्रत्येक अक्षराला आकडा देऊन संगणक असंच, पण याहून फार अवघड गणित करतो. जे उत्तर येतं तो त्या बॅजचा ठसा. एक काना बदलला तरी ठसा पार बदलतो. मग कारागीर मंडळ तो ठसा आपल्या गुप्त किल्लीने कुलूपबंद करतं. ती त्यांची मोहोर (डिजिटल सही). ती उघडून बघायची दुसरी किल्ली जाहीर असते, माझ्याकडे आहे, चंद्रावरही आहे. बघता सगळ्यांना येतं, नवी मोहोर उठवता फक्त मंडळाला येते. चंद्रावरचा संगणक ठसा स्वतः काढतो, मोहोरेतल्या ठशाशी ताडून बघतो. जुळला की झालं, पाच सेकंदांचं काम."

मला कोड्याचं उत्तर मिळालं होतं, पण ते माझ्या काही कामाचं नव्हतं. "मला खरंच येतं रे जवारी," मी म्हणाले.

"मग खरा बॅज घे. वयाची अट कुठेच नाही. तीन गोष्टी लागतात. मंडळाच्या दोन उस्तादांसमोर परीक्षा, वर्षभर केलेलं काम, आणि ते तूच केलंस असं शिकवणाऱ्याचं सांगणं."

पहिली गोष्ट मी तिथल्या तिथे दिली असती. पण वर्षभराचं काम नानांच्या नावावर होतं. ते माझं आहे असं सांगायचं तर नानांना सगळ्यांसमोर म्हणावं लागणार होतं की मला ऐकू येत नाही आणि वर्षभर मी हे लपवलं. साठ वर्षांचं नाव होतं त्यांचं. मी पारखीला म्हणाले, "राहू दे."

"विचारून बघ," तो म्हणाला. यंत्राला काय जातंय म्हणायला.

घरी गेले. नाना मंगळवेढ्याहून आणलेल्या भोपळ्याला, म्हणजे तंबोऱ्याच्या पोटाला, पॉलिश करत होते. मी सगळं सांगून टाकलं, खोट्या चित्रासकट. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"माझं नाव पुसलंस आणि तुझं घातलंस," ते म्हणाले.

"चुकलं, नाना."

"तू येकदा केलंस. मी चौदा बारी केलं." एवढंच बोलून ते उठले.

दुसऱ्या दिवशी नाना ईदेला घालतात तो पांढरा कुर्ता आणि टोपी घालून निघाले. मी मागे. नाना पारखीसमोर खुर्चीत ताठ बसले. पारखी म्हणाला, "तुमचं बोलणं पुरावा म्हणून बॅजमध्ये राहील. जगात कुणालाही ऐकता येईल. चालेल ना?"

"त्यासाठीच आलोय," नाना म्हणाले. "मी हुसेन मुजावर. गेल्या उरसापासून माझ्या कारखान्यातनं चौदा तंबोरे गेले. नाव माझं होतं, जवारी ह्या पोरीची. मला वरचे सूर ऐकू येत न्हाईत. ही गोष्ट मी सांगितली न्हाई, ती माझी चूक. हिचा हात कसा आहे ते मला इचारू नका, ते तंबोरे नेलेले चौदा जण सांगतील." मग थांबून म्हणाले, "तरी सांगतो. तिच्या वयात माझा एवढा चांगला नव्हता."

मी खिडकीबाहेर बघत होते, कारण डोळ्यांतलं पाणी पारखीला दाखवायचं नव्हतं. तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर बॅज मिळाल्यावरही वाटला नाही. अभिमान माझा नव्हे, नानांचा.

परीक्षा झाली. तीन बसके तंबोरे दिले होते, तिन्ही बोलते केले. एका उस्तादांनी कान लावून ऐकलं आणि नुसती मान हलवली. आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही. दरम्यान नानांची ती कबुली ऐकून, चौदांतला एक तंबोरा घेतलेल्या हुबळीच्या एका गवयांचा फोन आला, भलतेच चिडलेले. नाना म्हणाले, "तंबोरा वाईट वाटला तर परत पाठवा." त्यांनी अजून पाठवलेला नाही.

माझा बॅज चंद्रावर गेला आणि खरोखरच पाच सेकंदांत हिरवा झाला. त्या दुपारी केंद्रात पडद्यासमोर मी आणि नाना बसलो. पडद्यावर डॉ. सरंजामे, तंबोरा आणि कानस धरलेला यंत्रहात.

चंद्राशी बोलताना एक गंमत होते. आपला शब्द तिथे पोचायला सव्वा सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. म्हणजे हात हलवा असं सांगितल्यावर अडीच-पावणेतीन सेकंद आपल्याला जुनाच आवाज ऐकू येत राहतो. हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समोर तार कुरकुरत असणं वेगळं.

पहिल्या तीन तारा झाल्या. चौथी, खर्जाची म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, हट्टी निघाली. मी यंत्रहाताला एक हलका हात मारायला सांगितला. आवाज तसाच. अजून कमी पडतंय असं वाटून मी तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तुझं आधीचंच अजून पोचलं न्हाई."

मी गप्प बसले. एक, दोन, आणि तार बोलली. भरघोस, गोल, आत उपस्वरांची गर्दी असलेली. आणखी एक हात मारला असता तर घोडी गेली असती. डॉ. सरंजामेंनी चारही तारा छेडल्या आणि डोळे मिटले. त्यांच्यामागे दारात वस्तीतले बाकीचे दहाही जण येऊन उभे होते.

"तरन्नुम, पुढच्या वेळी तंबोराच इथे बनवू या का?" त्या म्हणाल्या. "माझ्या हरितगृहात भोपळ्याचे वेल लावून बघते. बी कुठलं आणू?"

"मंगळवेढ्याचं," मी आणि नाना एकदमच म्हणालो.

आठवड्याने नाना मला घेऊन पुन्हा केंद्रात गेले. पारखीला म्हणाले, "माझा जवारीचा बॅज काढून टाक. कान गेला, आता तो माझा न्हाई."

"काढायची गरज नाही," पारखी म्हणाला. "तो दहा वर्षांपूर्वीचं खरं सांगतो. त्यापुढे आजची तारीख घालून 'आता काम करत नाहीत' अशी नोंद करता येईल. पण तुमच्यासाठी दुसरा बॅज आहे. शिकवणाऱ्याचा. अर्ज भरू?"

नानांनी विचार केला. "भर."

पारखीने नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग म्हणाला, "पुरावा म्हणून काय जोडू?"

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला थोडं पुढे सरकवलं.

"ही," ते म्हणाले.