दोघंच व्हते

बाजाराच्या दिवशी भर दुपारी ढेप विकणारासुद्धा दुकान उघडं टाकून उठला, म्हणजे वडनेरात गोमाजी आणि रूपरावचा खेळ लागला असं समजावं. चौपन्न सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. मारुतीच्या पारापुढे दोन बांबू, त्यांवर एक जुनं लुगडं, झाला पडदा! ना पेटी, ना तबला. माणसंही दोनच. गोमाजी कुंभार व्हायचा आणि रूपराव मिशी काढून कुंभारीण. त्यांचं एक लेकरू असायचं, ते मात्र कोणी कधी पुढे आणायचं नाही. दोघं त्याला हाक मारायचे, न्हाऊ घालायचे, त्याच्यापायी कडाकडा भांडायचे. आणि खेळ संपला की गावात तंटे सुरू. कोणी म्हणे लेकराचा सदरा निळा होता, कोणी म्हणे पिवळा!

शाळेतल्या हरिदास मास्तरांना या गोष्टीची भारी चीड. "पोट्टं लपवून ठेवतात मांगं, दुसरं काई नाई," असं ते चारचौघांत म्हणायचे. म्हणून यंदा गावाने त्यांनाच पंच केलं. खेळाची रीतच होती तशी. गावातला एक माणूस पडद्यामागे बसायचा आणि शेवटी पुढे येऊन मोठ्याने सांगायचा, "दोघंच व्हते, तिसरं कोणी नाई." तेवढं सांगितलं की खेळ मोडला.

मास्तरांच्या मनात आणखी एक होतं. गेल्या पौषात त्यांची पाच वर्षांची यमी तापाने गेली. तेव्हापासून त्यांच्या बायकोचं, शोभाबाईचं बोलणंच आटलं होतं. विचारलं तर हूं, नाहीतर तेही नाही. आज हाता-पाया पडून त्यांनी तिला बायकांत आणून बसवलं होतं. चार शब्द बोलावी, एकदा हसावी, एवढीच बिचाऱ्याची आस.

"तुमी दोघंच काऊन खेळता गा?" पडद्यामागे जाता जाता त्यांनी विचारलं.

गोमाजी पागोटं बांधत होता. "दहा जणं असले का लोक नुसते पाह्यतात, मास्तर. दोघंच असले का लोकाइले बी राबा लागते. बाकीचं थेच उभं करतात." मग जरा थांबून म्हणाला, "शेवटचं बोलणं तेवढं इसरू नका जी."

"अन् इसरलो तं?"

"आजवर कोणी इसरलं नाई."

मास्तरांनी पडद्यामागची सामानाची पेटी उघडून पाहिली, घागर पालथी करून पाहिली. कोणी नव्हतं. ते मांडी घालून बसले. पुढे कुंभार-कुंभारणीचं भांडण जुंपलं, लोक खदखदून हसले. आणि त्या हसण्यात त्यांना वाळे वाजल्यासारखे वाटले. बारीक, थांबून थांबून, नवं चालणाऱ्या लेकराचे असतात तसे. रूपरावच्या पायात असतील, त्यांनी मनाशी ठरवलं. तेवढ्यात रूपराव लुगडं बदलायला मागे आला. पाय अनवाणी. वाळे पुढे वाजतच होते. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

मग एक हसू ऐकू आलं. शोभाबाईचं!

मास्तरांनी पडदा बाजूला केला. गोमाजीने एक बोट खाली धरलं होतं आणि कोणी ओढावं तसं ते हलत होतं. उन्हात त्याची एकट्याचीच सावली पडली होती. शोभाबाई त्या बोटाखालच्या मोकळ्या जागेकडे पाहून हसत होती, डोळे भरभरून वाहत होते.

खेळ संपला. लोक ओरडले, "पंच, पुढं या!"

मास्तर पुढे आले. तोंड उघडलं, तोच शोभाबाई अर्धवट उठली.

"नका ना बोलू," ती म्हणाली.

पौषानंतर तिने आपणहून काढलेले हे पहिले शब्द. आता सांगा, कोणता नवरा बोलेल?

"बोला जी, मास्तर," गोमाजी हळूच म्हणाला. मास्तर गप्प राहिले. ते दोघं पेटी उचलून चालू लागले, पडद्याचं लुगडंसुद्धा तिथेच टाकून.

घरी आनंदीआनंद झाला. शोभाबाई बोलू लागली, गाऊ लागली, जेवायला तीन ताटं मांडू लागली. मास्तरांनी मांडू दिली. बायको हसते ना, मग तेही तिसऱ्या ताटाकडे पाहून "जेव बेटा" म्हणू लागले. विज्ञान शिकवणारा माणूस! पण ती स्वतःचा घास त्या ताटात टाकायची आणि रोज वाळत चालली होती. अंगावर चोळी राहीना.

"यमीले भात वाढ," एकदा ते सहज म्हणाले.

"यमी नाई हे," ती शांतपणे म्हणाली. "यमी असं पाह्यत नव्हती. पण असू द्या. आलं तं आलं."

मास्तर ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोमाजीच्या गावी, समुद्रपूरला जायला मोटारीकडे निघाले. दारातून शोभाबाई म्हणाली, "सांभाळून न्या." घाईत त्यांनी लक्ष दिलं नाही. रस्ता मेला खड्ड्यांचा. उतरले तेव्हा पाठ भरून आली होती.

गोमाजी अंगणात बसला होता. मास्तरांना पाहून त्याने आपली बाज मागे ओढली. बसा म्हणाला नाही.

"माहं चुकलं गा," मास्तर म्हणाले. "आता म्हणतो, दोघंच व्हते."

"आता कुठं आमचा खेळ? खेळ तुमच्या घरी चालू हाये. खेळून राह्यले तुमी अन् बाई. पंच बाहेरचा पाह्यजे. आमचा खेळ ज्यानं पाह्यला नाई, असा." तो बोलत होता, पण पाहत होता मास्तरांच्या कानामागे कुठेतरी.

शेजारच्या देवकाबाई दिवाळीपासून लेकीकडे होत्या, कालच परतल्या होत्या. मास्तरांनी वडनेरात मोटारीतून उतरून थेट त्यांचं दार गाठलं.

"माय, काई इचारू नका. माह्या घरात पाहा अन् फक्त म्हणा, दोघंच हायेत, तिसरं कोणी नाई."

"येडे झाले का जी मास्तर?" देवकाबाई पदर सावरत हसत पुढे निघाल्या. "लेकरू गेल्यावर असंच व्हते माणसाचं. चला, म्हणते. त्याले का पैसे पडतात?"

मास्तर मागून चालत होते. खांदा आता चांगलाच ठणकत होता.

देवकाबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आत वाकून पाहिलं. चुलीपाशी शोभाबाई. तीन ताटं. तिसऱ्या पाटावर कोणी नव्हतं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"हे पाहा," देवकाबाई म्हणाल्या, "दोघंच हायेत, तिसरं..."

म्हणता म्हणता त्या मास्तरांकडे वळल्या आणि थांबल्या. हसू मावळलं. आवाज एकदम खाली आला, पाळण्याजवळ बोलतात तसा.

"पह्यले त्याले पाठीवरून उतरवा, मास्तर. मंग म्हणते."



आतून शोभाबाईने तिसरा पाट पदराने पुसला.

"हळू उतरवा," ती म्हणाली. "आताच डोळा लागला त्याचा."