इतर : एकशे पस्तीस किलो

बेअरिंग म्हणजे काय ते मी एकदा आईला समजावून सांगत होते. फिरता शाफ्ट आणि त्याच्याभोवतीची धातूची नळी, म्हणजे बुश, यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, केसाच्या चौथ्या हिश्श्याइतका पातळ. सगळा भार त्या पापुद्र्यावर तरंगतो. यंत्र नीट चालत असेल तर धातूला धातू लागतच नाही. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे देवाच्याच भरवशावर की!" मी हसले. पण माझ्या सव्वीस पानी गणिताचं सार तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

मी गिअरबॉक्सची गणितं करते. आमचं पंपहाऊस खाणीच्या तोंडाशी आहे. तळमजल्यावर मोटार, तिच्यापुढे गिअरबॉक्स, पलीकडे पंप. लोखंडी जिना चढून वर आलं की माझी खोली: एक टेबल, एक कपाट आणि खाली मशीनकडे बघणारी काचेची खिडकी. बोगद्यांत झिरपणारं पाणी हा पंप अखंड उपसत असतो. गाणाऱ्याच्या मागे उभं राहून धृपद धरणारा साथीदार असतो ना, तसा त्याचा आवाज. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तो थांबला की सगळ्यांच्या माना वळतात. खाली चौथ्या बोगद्यात माझा धाकटा भाऊ छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचा. अंगानं इतका वाळकुडा, की टोळीत त्याचं नावच 'काडी' पडलं होतं.

गेल्या वर्षी गिअरबॉक्सची चाकं बदलायची ठरली आणि बेअरिंगचं गणित नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं. जुना कागद मामाच्या हातचा. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. माझ्याआधी तीस वर्षं याच खुर्चीत बसला, गणितं करायला मला त्यानंच शिकवलं. त्याचं अक्षर मोत्यासारखं. पलीकडच्या बेअरिंगवर येणारा भार त्यानं तीन ओळींत मांडला होता. दातांचा जोर, चारशे दहा किलो. चाकाचं आणि शाफ्टचं वजन, एकशे तीस. आणि तिसरी ओळ: इतर, एकशे पस्तीस. पुढे काही नाही. ना कारण, ना खूण.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. जुनं गणित नव्या कागदावर उतरवताना ज्या ओळीचा धनी सापडत नाही, ती ओळ खोडायची नाही, तशीच पुढे न्यायची. मला ही रीत भाबडी वाटायची. दातांचा जोर मी काढून बघितला, वजन काढून बघितलं, ते बरोबर होतं. 'इतर'ला कुठेच जागा नव्हती. मामानं कधीतरी घाबरून जास्तीचा भार धरला असणार, असं म्हणून मी त्या ओळीवर काट मारली. एकूण भार पाचव्या हिश्श्यानं उतरला. मग बुश आखूड केला, तेल पातळ घेतलं. घर्षण कमी, गरमी कमी. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, पोरीनं मामाला मागं टाकलं."

नवा बुश एकोणीस दिवस टिकला.

आधी जळक्या तेलाचा वास आला, मग एक लांब कण्हल्यासारखा आवाज, आणि मग शांतता. जोडीचा लहान पंप सुरू करेपर्यंत चौथ्या बोगद्यात गुडघाभर पाणी झालं होतं. टोळी भिजून वर आली. काडी सगळ्यात शेवटी आला, हातात बूट धरून.

"ताई, तुझ्या गणितानं माझे बूट पोहायला शिकले."

सगळे हसले. मी नाही हसले. आणखी तासभर पंप बंद राहिला असता तर काय झालं असतं, तेवढं गणित मला येत होतं.

बुश उघडला. झीज झाली होती, पण जिथे व्हायला हवी तिथे नव्हती. गिअरचे दात एकमेकांना तिरके रेटतात, म्हणून बेअरिंगवरचा भारही तिरका येतो आणि बुश एका अंगाला झिजतो. हा तळाकडे झिजला होता. जणू शाफ्टवर वरून काहीतरी ठेवलं होतं, किंवा खालून कुणीतरी त्याला लोंबकळत होतं.

तात्पुरता मामाच्या वेळचा जुना लांब बुश बसवला आणि काटकोनात दोन प्रोब लावले. फिरताना शाफ्ट बुशच्या मध्यापासून किती सरकला आणि कुठल्या दिशेला, हे त्यांच्यावरून कळतं. तेवढं कळलं की उलट गणित करून त्याच्यावरचा भार काढता येतो. मी भार काढला. त्यातून दातांचा जोर वजा केला, वजन वजा केलं.

एकशे पस्तीस उरले. सरळ खाली.

मी प्रोब बदलले. तेल बदललं. शेवटी पंपाकडची जोडणी सोडून गिअरबॉक्स रिकामा फिरवला. दातांचा जोर नावापुरता उरला. एकशे पस्तीस तसेच.

मशीन बंद करून मी शाफ्टखाली हात घातला. खाली सिमेंटचा पक्का चौथरा आहे, त्याला टाचणीएवढं भोक नाही. तरी हाताला खालून वारा लागला. गार, ओला.

दुसऱ्या दिवशी मामाकडे गेले. निवृत्त झाल्यापासून तो खिडकीपाशी बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करतो. मला दारात बघताच म्हणाला, "खोडलीस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तोंडावर लिहिलंय. बस."

"मामा, ते एकशे पस्तीस काय आहेत?"

"एकशे पस्तीस नाहीत. एकसष्ट आणि चौऱ्याहत्तर आहेत." त्यानं डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. "मी कामाला लागलो तेव्हा ती ओळ नव्हतीच. एके दिवशी एकसष्ट किलो जास्त दिसले. मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं. अकरा दिवसांनी तिसऱ्या बोगद्यात छत खाली आलं. एक माणूस गेला. लिफ्टशेजारचा फळा माहीत आहे ना तुला?"

माहीत होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचं वजन त्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, लिफ्टच्या दोरावर किती भार येतो ते कळावं म्हणून.

"त्या माणसासमोर एकसष्ट लिहिलं होतं," मामा म्हणाला. "तो गेला, पण वजन उतरलं नाही. मग ओळ लिहिली. 'इतर'. दुसरं काय लिहिणार?"

"आणि चौऱ्याहत्तर?"

"ते सहा वर्षांनी. या वेळी मी आधी फळा बघितला आणि त्या माणसाला वर ओढून आणलं. अक्षरशः भांडून."

"वाचला?"

"वाचला. अजून आहे."

"मग त्याचा भार उतरला असेल."

मामानं मान हलवली. "नाही उतरला."

"असं कसं? माणूस जिवंत आहे म्हणतोस ना?"

"आहे. पण..."

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. "काय गं, मामाला भेटायला आलीस की सुतकाला? चेहरे बघा दोघांचे!" मामानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. निघताना एवढंच म्हणाला, "ओळ परत लिही."

मी ओळ परत लिहिली. बुश पुन्हा लांब केला, तेल जाड घेतलं, आणि देवाचं नाव घेऊन मशीन सुरू केलं. गणित आणि प्रोब यांचं आता तंतोतंत जुळत होतं, फरक शून्य. तीन दिवस शून्य. मला वाटलं, मामाचं वय झालंय. माणसं जुन्या दुःखाला जुने आकडे चिकटवतात.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला फरक दिसला. बावन्न.

मी तीन वेळा गणित केलं. मग जिना उतरून अंगण ओलांडून लिफ्टपाशी गेले. फळ्यावर सत्तावीस आकडे होते. बावन्न एकच होता.

त्याच्यासमोर कुणीतरी खडूनं आगपेटीच्या काडीचं चित्र काढलं होतं.

मुकादमांना गाठून बोलले, आणि पाळी सुटेपर्यंत तिथेच उभी राहिले. काडी वर आला तो दात काढतच.

"उद्यापासून तू वर काम करायचं," मी म्हटलं. "माझ्या हाताखाली. रीडिंग घ्यायला माणूस हवाय."

"मला वर ठेवून काय लोणचं घालणार आहेस?"

"मुकादमांशी बोलणं झालंय."

"ताई, टोळी हसेल. म्हणतील, काडी बहिणीच्या पाठीमागे लपला."

"हसू दे."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी नव्या बुशवर सही करणार नाही. पंप बंद, चौथा बोगदा बंद. सगळ्यांनी घरी बसायचं."

त्यानं वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. "रडतेयस?"

"डोळ्यात तेल उडालं."

तो आला. रागावून आला, पण आला. पहिले दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यातलं खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणून आईला नावं ठेवली. मी प्रोबकडे बघत होते. बावन्न. मनातल्या मनात एकच मागणं घोळवत होते: देवा, याला इथंच राहू दे. दुसरं काही सुचतच नव्हतं, सुचायला नकोही होतं.

अकराव्या दिवशी दुपारी खिडकीची काच थरथरली.

आवाज नंतर आला. चौथ्या बोगद्यात टोकाला, जिथे काडी टेकू लावायचा तिथे, चार ट्रकभर दगड खाली आला होता. त्याच्या जागी अजून दुसरा माणूस दिला नव्हता. तिथे कुणीच नव्हतं.

काडी जिन्याच्या पायरीवर बसला. आधी हसला. मग हसायचा थांबला.

"तुला कसं कळलं?"

"गणितानं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मी त्याला जवळ घेतलं. लहानपणी आजारातून उठला तेव्हा घेतलं होतं तसंच. हाताला अगदी हलका लागला. आधीपासून होताच तो हलका.

मग वर जाऊन प्रोब बघितले. बावन्न. दुसऱ्या दिवशी बावन्न. आठवड्यानं बावन्न. संकट टळलं तर भार उतरायला हवा होता. नाही उतरला. मी जुना कागद पुढे ओढला आणि मामाच्या ओळीत माझ्या अक्षरात भर घातली: अधिक बावन्न. बुश आणखी लांब केला. पंप आता उत्तम चालतो. काडी कायमचा वर आला आहे. खाणीत उतरत नाही, वेळेवर घरी येतो, पोटभर जेवतो.

याला चार महिने झाले. परवाच्या सुट्टीला आई सज्जात गाद्यांना ऊन दाखवत होती. माझ्या आणि काडीच्या गाद्या तिनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणल्या होत्या. तो वर आला त्याच आठवड्यात, आनंदानं.

"तुझी बघ," ती म्हणाली, "मधोमध घमेलं झालंय. कापूस पिंजून घ्यावा लागणार."

"आणि त्याची?"

"त्याची घातलीसुद्धा. काय बाई नशीब एकेकाचं! अजून दुकानातून आत्ता आणल्यासारखी. उशीसुद्धा कशी फुगीर." तिनं कौतुकानं मान डोलावली. "सारखा लोळत असतो, तरी!"

मी आत गेले. काडी जेवून झोपला होता. कुशीवर, एक हात गालाखाली. श्वास संथ चालला होता. आईनं नुकतीच धुतलेली चादर घातली होती.

इस्त्रीच्या घड्या त्याच्या अंगाखालून सरळ, न मोडता, पलीकडे गेल्या होत्या.