उसना विस्तव

सुपा धरणाचं पाणी गणेशगुडीच्या वरच्या अंगाला जंगलात शिरतं, तिथल्या एका रिसॉर्टमध्ये सुनयना कामाला होती. काम एकच, पाहुण्यांना कंटाळा येऊ द्यायचा नाही. स्वागताच्या टेबलामागं काळा फळा होता आणि त्यावर वर्षभराची मौज तिच्याच हातानं लिहिलेली होती. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे, दिवाळीनंतर काळी नदीत राफ्टिंग, थंडीत धनेश पक्षी आणि अणशीच्या रस्त्यानं जीप, होळीनंतर झाडांमधून दोरीला लोंबकळत जाणं. हे शेवटचं काम गावची वानरं वर्षभर करत होती, पण त्यांना कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. जूनच्या तोंडाला काजवे. फक्त मे महिन्याचा रकाना मोकळा होता. मे महिन्यात पाणी खाली जातं, काठाला भेगाळलेला चिखल उघडा पडतो, आणि चिखल बघायला बेळगावाहून कोण येणार?

"मे भरायला पायजे," मालक ओंकार रोज म्हणायचा. "बाराही महिने पाहुणा यायला पायजे बघ."

ओंकार रामनगरचा. त्याचे वडील रामचंद्रशेठ, तिकडचं किराणा दुकान बंद करून लेकाकडं येऊन राहिले होते. रिसॉर्टमागच्या बंगल्याच्या पायरीवर म्हातारा दिवसभर बसायचा आणि सुनयना दिसली की "जेवलीस का गं पोरी?" म्हणायचा. त्या अख्ख्या जागेत हे विचारणारा तेवढा एकच माणूस होता.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि पाणी कधी नव्हे इतकं उतरलं. एप्रिल सरता सरता होडीवाला लखूकाका सांगत आला, "बाय, जुना गाव वर आलाय. तुमच्या घराचं जोतं मी डोळ्यानं बघितलं."

सुनयनाचे वडील गुणा याच दिवसाची वाट बघत आयुष्यभर बसले होते. धरण भरलं तेव्हा ते पंचविशीत होते. गाव उठताना त्यांची आई रुक्मा हिनं शेवटचा भात रांधला, चुलीतला विस्तव राखेनं झाकला आणि मग उंबरा ओलांडला. त्यांच्याकडची रीतच ती. शेतावर जा, पाहुणचाराला जा, नाहीतर गाव सोडून जा, विस्तव झाकायचा, विझवायचा नाही. चुलीत पाणी ओततात ते घरातला बाप गेल्यावर, आणि ओततो तो थोरला मुलगा. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कुठल्या दिवशी ओतायचं नाही. बाया-माणसांना ठाऊक होतं की पाणी येणार आणि चुली बुडणार. तरी एकीनंही आपला विस्तव विझवला नाही. त्यांना ते सुचलंच नाही म्हणा, की हात झाला नाही म्हणा.

वर नव्या जागी सगळ्यांच्या चुली उसन्या विस्तवावर पेटल्या. उसना विस्तव काम झालं की परत करायचा असतो, एक निखारा राखेत झाकून नेऊन द्यायचा. ज्यांच्याकडून गुणानं घेतला, त्यांचं घर केव्हाच रामनगरला गेलं होतं. त्यामुळं रोजचा भात खाताना म्हाताऱ्याच्या तोंडावर एक ओशाळेपण असायचं, कुणाचं तरी उष्टं खाल्ल्यासारखं.

"आमचा विस्तव खाली हाय," ते म्हणाले. "जा, घिऊन ये. माज्यानं आता चालवत न्हाई. मरायच्या आदी एकडाव माज्या आईच्या विस्तवावरचा भात खाऊ दे."

"बाबा, चाळीस वर्षं पाण्याखाली होता तो."

"झाकलेला हाय गं," गुणा म्हणाले. जणू तेवढ्यानं भागत होतं.

सुनयना शिकलेली होती. विस्तव मिळणार नाही हे तिला कळत होतं, पण तिथली मूठभर राख आणून बापाच्या चुलीत घातली तर त्याचं समाधान होईल, एवढा तिचा हिशेब होता. आणि हे समाधान द्यायचंच, हेही तिनं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर आली तर मे महिन्याचा रकाना भरलेला. ओंकारचं अक्षर: "बुडालेल्या गावात जेवण. अस्सल चुलीवर."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "सर, ती आमची घरं आहेत."

"होती," ओंकार हसला. "आणि मी काय ती उचलून नेतोय? तासाभराचं जेवण. तुझ्या लोकांचंच नाव होईल की."

"मग आमचं जोतं तरी सोडा."

"अगं, तेच तर सगळ्यात झकास आहे. मागं कातळ, कातळाची सावली. चूलसुद्धा जाग्यावर आहे बघ."

नाव होईल म्हणे! माणसं उठवली तेव्हा कोणी नाव विचारलं नव्हतं. आता त्यांच्या उंबऱ्यावर पत्रावळी मांडायच्या होत्या. पण सुनयनाची नोकरी होती. तिनं पिशवीत एक करवंटी टाकली आणि होडीत बसली.

दुपार होती. उतरलेल्या पाण्याच्या काठानं गाव पसरलं होतं, गुडघाभर उंचीचं. जोती, पायऱ्या, एक पाटा, वठलेल्या फणसाचा काळा बुंधा. सगळ्यावर वाळलेल्या गाळाचा राखाडी थर. पाहुणे बूट घालून घराघरांतून फिरत होते आणि हसत फोटो काढत होते. एक बाई कुणाच्या तरी तुळशीच्या कट्ट्यावर बसून केस सारखे करत होती. सुनयना दातओठ खात होती.

रिसॉर्टचा आचारी विठ्ठल रुक्माच्या चुलीसमोर बसला आणि उलथन्यानं गाळ खरवडू लागला. वरचा थर खापरीसारखा निघाला. खाली राख होती.

"अक्का, हे बघा," तो म्हणाला.

राख कोरडी होती. भुरभुरीत, पांढरी, आज सकाळी चुलीतून काढल्यासारखी. आजूबाजूचा गाळ बोटभर खणला तरी ओल लागत होती.

विठ्ठलनं लाकडं रचली आणि काडेपेटीसाठी खिसे चाचपले. काडी ओढायच्या आतच लाकडांखालून धुराची एक बारीक दोरी निघाली. मग जाळ झाला.

"पेटवलंस?" ओंकारनं लांबून विचारलं.

विठ्ठलच्या हातात न ओढलेली काडी होती. त्यानं ती पुन्हा पेटीत ठेवली आणि "व्हय" म्हणाला. 

सुनयना बघत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. ही तिची आजी होती, न बघितलेली, आणि तिचं काम अजून चालूच होतं.

भात शिजला, कोंबडी शिजली. पाहुणे बोटं चाटून जेवले. होड्या निघायची वेळ झाली तशी सुनयना करवंटी घेऊन चुलीशी वाकली. तळाशी निखारे होते, लालबुंद.

"काय करतीस? अगं, वणव्याचे दिवस आहेत," ओंकार म्हणाला. त्याच्या हातात पाण्याची बादली होती. "मागं विस्तव ठेवायचा नाही, जंगलखात्याची सक्त ताकीद आहे."

"सर, पाणी नको. मी झाकते. मी घरी घेऊन जाते."

"झाकून काय होतंय?"

"सर, तुम्ही ओतू नका. कुणीच ओतू नका, पण तुम्ही तर नकोच. तुमचे वडील..."

"माझ्या वडिलांचं इथं काय?" पाहुणे बघत होते म्हणून तो हसला, आणि त्यानं बादली रिकामी केली.

चर्र झालं नाही. वाफही आली नाही. बादलीभर पाणी राखेत गेलं आणि निखारे एकदम मिटले, जसे डोळे मिटतात.

"बघ," ओंकार म्हणाला, "झालं."

सुनयनानं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की दुसरा कोणी असता तर दोन पावलं मागं सरला असता. शिव्या ओठांवर आल्या होत्या. तिनं ओला चिखलगोळा करवंटीत भरला, पदरानं झाकला आणि होडीत पाठ करून बसली.

घरी गुणानं करवंटीत बोट घातलं.

"पानी कुणी वतलं?"

"आमच्या मालकानं."

"त्येचा बाप गेला?"

"न्हाई. धडधाकट हाय. सकाळी जेवलीस का विचारलं मला."

गुणानं ओलं बोट धोतराला पुसलं. "मग कशाला वतलं?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

त्यांनी तो गोळा चुलीत ठेवला आणि वरून घरची राख पसरली. सकाळी सुनयनानं राख सारली तेव्हा आत एकच निखारा होता, बोराएवढा, लाल. त्या दिवशी गुणा दोनदा भात जेवले.

तिकडं रिसॉर्टवर आधी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ओंकारचा लायटर लागेना, त्यानं तो फेकून दिला. टेबलावरच्या देवाला उदबत्ती लावताना काडी त्याच्या हातात विझायची. वाऱ्यानं असेल म्हणून त्यानं खिडक्या लावल्या. शेकोटी पेटवून पाहुण्यांसमोर टाळ्या घ्यायची त्याला भारी हौस, ती पेटेना. विठ्ठलनं पेटवली की पेटायची, पण ओंकार जवळ आला की जाळ बसायचा. आठवड्याभरात तो थट्टा करायचा थांबला.

सुनयना आता पायरीवरच्या म्हाताऱ्यासमोरून मान खाली घालून जायची. "जेवलीस का गं पोरी?" तिला ओंकारचा राग होता, तसा आता त्या चुलीचाही येऊ लागला. केलं कुणी आणि भरायचं कुणी? पण सांगणार काय, आणि कुणाला?

मृग लागला, पाऊस आला नाही. एका सकाळी रामचंद्रशेठ पायरीवर बसल्या जागी गेले. हातात अर्धा प्यालेला चहा तसाच.

सरण धरणाच्या कोरड्या पात्रात रचलं, पाणी दूर होतं. घरून मडक्यातला विस्तव घेऊन ओंकार पुढं चालत होता. पोचेपर्यंत मडकं गार. परत विस्तव घेतला, परत गार. सरणावर तूप, कापूर, रॉकेल, सगळं झालं, पण सरण पेटेना. चुलतभाऊ म्हणाले आम्ही देतो, पण त्याची आई सावित्री हटून बसली. पोटचा मुलगा उभा असताना दुसऱ्याच्या हातून अग्नी द्यायचा नाही.

दुपारी ओंकार गुणाच्या दारात आला. अनवाणी, ओला पंचा नेसलेला, हातात रिकामं मडकं. लखूकाकानं त्याला वाट दाखवली होती.

"विस्तव द्या," तो म्हणाला. "वडील तसेच आहेत हो."

सुनयना उंबऱ्यात आडवी झाली. "न्हाई द्यायचा बाबा! आमच्या चुलीत पाणी वतताना हसत होता हा. हात जोडले तरी हसत होता!"

"बाय, बाजूला हो," गुणा म्हणाले. "विस्तव मागाय आलेल्याला न्हाई म्हनत न्हाईत."

त्यांनी निखारा मडक्यात घातला, वर राख घातली. मडक्यात तो लाल राहिला.

"उसना हाय," ते म्हणाले. "काम झालं की परत आनून द्या."

सरण पेटलं. एकाच ठिणगीत, चारी बाजूंनी.

तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडायला गेली. राख गरम होती. हात घालवेना. दूध शिंपडलं, पाणी शिंपडलं. चर्र झालं नाही, वाफ आली नाही.

पाचव्या दिवशी तशीच. दहाव्या दिवशी तशीच.

ओंकारनं चिमट्यानं निखारा उचलून मडक्यात घातला, परत द्यायला. मडकं तडकलं. दुसरं आणलं, तेही तडकलं. अस्थी आत, आणि मुलगा बाहेर बसलेला, रोज सकाळी, नवं मडकं घेऊन.

मग पाऊस आला आणि ठरवून आल्यासारखा कोसळला. पाणी पात्रात चढलं. राखेचा ढीग एका दुपारी दिसेनासा झाला.

ऑगस्टमध्ये पाहुणे आले, फळ्यावर लिहिलं होतं तसे, धुकं बघायला. सकाळी धरणाच्या पाण्याकडं बोट करून एक जण म्हणाला, "ते काय हो? फक्त तिथंच कसं धुकं?"

सुनयना धक्क्यावर गेली. ओंकार आधीच लखूकाकाच्या होडीत बसला होता, मांडीवर मडकं. तीही होडीत चढली.

सरणाच्या जागेवर पोचल्यावर ओंकारनं दंडापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ ठेवला. मग काढला.

"सुनयना," तो हळू म्हणाला, "पाणी परत एवढं खाली कधी जाईल?"

राग अजून तसाच होता. तिनं तो लपवला नाही.

"काय सांगावं," ती म्हणाली. "आमाला चाळीस वर्सं लागली."

ओंकारनं मान हलवली आणि मडकं पोटाशी धरलं. पाऊस लागला होता, गार पाऊस. त्याच्या भिजलेल्या बाहीतून वाफ निघत होती.