चौथ्या दिवशीचं बोलणं

आमच्या दादाचं शिवणकामाचं दुकान खाली आणि घर वर. दुकानात दोन मशिनं, कापड बेतायचं लांब टेबल, आणि काचेच्या दारातून दुपारभर आत पडून राहणारं पिवळट ऊन. दादा बेतायचा, वहिनी काज-बटणं करायची. मी दादाची धाकटी बहीण, त्यांच्याकडेच राहते. दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सोडवते. माझ्या कामात चमत्कार नसतात. सूज असते आणि व्यायाम असतो.

दादाचं हृदय थकत गेलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "आता घरच्यांनी जवळ थांबा," म्हणाले. त्या दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत वहिनी, बाबा आणि मी होतो. खिडकीचा पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत होता. दादाने डोळे उघडले आणि गिऱ्हाइकाचा निरोप सांगावा तसं म्हणाला, "दाराशी एक जण उभा आहे. म्हणतो, बदली कोणी येत असेल तर हरकत नाही."

दाराशी कोणी नव्हतं.

"औषधाची गुंगी आहे," मी म्हणाले.

बाबा आपल्या बुटांकडे बघत होते. "मी आलो असतो रे," ते म्हणाले, "पण पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय." बोलून गेले आणि त्यांचेच कान लाल झाले. कोणी हसलं नाही.

वहिनी टॉवेलची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली, उशाशी ठेवली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "मी येते."

निघताना म्हणतात तसं, की बोलावल्यावर म्हणतात तसं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने स्वतःहून चहा मागितला. आठवड्यात तो घरी आला. डॉक्टर खुशीत होते. जिना चढताना मात्र कठड्याला धरून थांबली ती वहिनी. तिच्या सगळ्या तपासण्या केल्या, कशातच काही निघेना. ती घाबरली नव्हती. तिने चिमीचे सगळे फ्रॉक इस्त्री करून टांगले. चिमी म्हणजे त्यांची लेक, सहा वर्षांची. मग फ्रीज भरून स्वयंपाक करून ठेवला, भांड्यांचे कप्पे पुसले, न्हायली, आवडते निळे कपडे घातले आणि पलंगावर आडवी झाली. खाली दादाचं मशीन चालू होतं. ते थांबलं, दादा वर आला, तोवर ती गेली होती.

तिचा भाऊ परदेशातून यायचा होता. म्हणून तिला हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलं.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी डोंगर आला. डोंगर म्हणजे दादाचा लहानपणचा मित्र. बंदरात क्रेन चालवायचा आणि क्रेन बंद पडली तर हातांनी ओझी उचलायचा, पण काम अडू द्यायचा नाही, असं लोक म्हणायचे. दारात उभा राहिला की जिन्यात अंधार व्हायचा. वर्ष-दोन वर्षांतून एकदा उगवायचा.

"डोळे का सुजलेत तुझे?" त्याने दादाला विचारलं.

"एक बाई गेली."

"नात्यातली?"

"सासरच्या बाजूची," दादा म्हणाला. आत येऊन मला दबक्या आवाजात म्हणाला, "इतक्या लांबून आलाय. उपाशी परत पाठवू का?"

डोंगर जेवला. फ्रीजमधलं सगळं काढून जेवला, आणि घास तोंडात असतानाच गाणंही म्हणाला. आतल्या खोलीत चिमी कानांवर हात ठेवून बसली होती. मी ताट उचलायला गेले आणि मला राहवलं नाही.

"गेली ती वहिनी. आणि तुम्ही हे जेवताय ना, हे तिनेच करून ठेवलेलं."

तो चघळायचा थांबला. मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. मग टॉवेल न घेताच बाहेर आला.

"कुठे ठेवलंय तिला?"

मी सांगितलं. तो जिना उतरून गेला. पायऱ्यांवर त्याच्या ओल्या हातांचे थेंब पडले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो परत आला. शर्टाची बाही फाटलेली, एक खांदा उतरलेला. मागे एक बाई, डोक्यावरून पांढरी चादर, पाय अनवाणी.

"सांभाळ हिला," तो दादाला म्हणाला.

दादा मागे सरकला.

"हात धर म्हणतो ना!"

दादाने तोंड फिरवून हात पुढे केला. त्या बाईने तो धरला. चादर मी उचलली.

वहिनीच होती. मी मनगट धरलं. नाडी संथ होती, पण नेटकी. कातडीला रात्रभर बाहेर राहिलेल्या कापडाचा गारवा होता. चालत्या गाडीच्या खिडकीतून लोक रस्त्यावरच्यांकडे बघतात, तशी ती आमच्याकडे बघत होती.

"तीन दिवस बोलणार नाही," डोंगर म्हणाला. "बोलायला लावू नका."

मी त्याचा खांदा बसवून दिला. त्याच्या दंडावर बोटांचे निळे वळ उठले होते.

"कोणाशी मारामारी केलीत?"

"कुस्ती," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "तिला न्यायला एक जण आला होता, त्याच्याशी."

मी त्या वळांवर माझा पंजा ठेवून पाहिला. माझी बोटं निम्म्यातच संपली.

हॉस्पिटलमधून फोन आला. तिथले डॉक्टर घाम पुसत बोलावं तसे बोलत होते. क्वचित असं होतं, नाडी इतकी मंद असते की सापडत नाही, वगैरे. मी हो म्हणाले. मलाही तेच हवं होतं.

ते तीन दिवस आम्ही सगळे पाण्याखाली असल्यासारखे वावरलो. वहिनी दुकानात उन्हात बसून राहायची. दादा सुयांमध्ये दोरे ओवून तिच्यासमोर ठेवायचा. ती हात लावायची नाही. चिमी टेबलाच्या पलीकडून तिला न्याहाळायची, जवळ जायची नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "ग्रीकांचं एक फार जुनं नाटक आहे. राजाच्या जागी राणी मरते. पाहुणा तिला मृत्यूशी झुंजून परत आणतो. तीही तीन दिवस बोलायची नसते."

"मग चौथ्या दिवशी काय बोलते?"

इतिहास शिकवण्यात बाबांचा जन्म गेला होता. चष्मा पुसत ते म्हणाले, "ते नाटकात नाही. त्याआधीच संपतं."

चौथ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाली, "पाणी."

दादा ओक्साबोक्शी रडला. चिमी धावत जाऊन तिच्या मांडीत शिरली. वहिनीने तिची वेणी घातली, आमटीत मीठ कमी आहे म्हणून मला दोन शब्द सुनावले आणि बाबांना मोतीबिंदूची तारीख विचारली. हात गरम होते. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

दुपारी दुकानात ती शर्टाला बटणं लावत होती. मी शेजारी बसले.

"वहिनी, तिथे काय होतं गं?"

तिने दोरा दाताने तोडला. "काही नाही. रांग होती. ऊन होतं, पण ते कुठून येतंय ते दिसत नव्हतं. मला मात्र कोणी माझ्या नावाने बोलावलंच नाही. यांच्याच नावाने बोलवायचे. मी आधी सांगत होते, मी नव्हे हो, मी त्यांची बायको."

"मग?"

"मग सांगायचा कंटाळा आला."

ती पुढचं बटण शोधू लागली. दादा समोरच्या टेबलावर खडूने कापड आखत होता. चिमी जमिनीवर चिंध्यांची बाहुली करत होती. काचेचं दार ढकलून एक गिऱ्हाईक डोकावलं. पाठीमागे ऊन असल्यामुळे त्याचा चेहरा दिसला नाही. फक्त उंच वाटला.

"मास्तर आहेत का?"

"हो, आलो," वहिनी म्हणाली.

चिमी खुदकन हसली. "आई, आलो काय? आले म्हण, आले!"

वहिनीही हसली. सुई शर्टात खोचून उठली आणि दाराकडे गेली.

दादाने मान वर केली नाही. खडूची रेघ सरळ पुढे जात राहिली, जणू त्याला कोणी हाक मारलीच नव्हती.