पंपरूमचं तिसरं कुलूप

बॅडमिंटनचं नेट घ्यायला म्हणून राजसी, अनीश आणि उन्नती उल्हासनगरच्या बाजारात गेले होते. पण नेट बघायचं सोडून तिघंही समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे टक लावून उभे राहिले. दुकानात त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष चिंतामणीकाका होते. काउंटरवरची कुलपं ते एकेक करून हातात तोलून बघत होते. शेवटी त्यांनी सगळ्यात जड कुलूप निवडलं, वर एक साखळीही घेतली आणि पिशवीत टाकून घाईघाईने निघून गेले.

काका दिसेनासे झाल्यावर अनीश सरळ दुकानात शिरला. अकरा वर्षांच्या अनीशला एखादा प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय राहवत नसे. काकांनी काय घेतलं, असं त्याने विचारलं तेव्हा दुकानदार अल्पेशभाई हसायला लागले.

"ताला लिया, और क्या! सुबह एक चष्मेवाली मॅडम आयी थी, निळी स्कूटर घेऊन. तिनेपण सेम टू सेम ताला नेला. दोनों बोले, पंपरूम की कडी में बैठना चाहिए."

चष्मा आणि निळी स्कूटर म्हणजे मीनलमावशी! राजसीने उन्नतीकडे पाहिलं. रविवारी सोसायटीची निवडणूक होती आणि अध्यक्षपदासाठी दोघंच उभे होते, चिंतामणीकाका आणि मीनलमावशी. मग दोघांनाही एकाच दाराला लावायला कुलूप कशाला हवं होतं?

अंबरनाथ पूर्वेला परत येईपर्यंत अनीशने तीन तर्क लढवले. पहिला, कुणीतरी पाणी चोरून टँकरवाल्याला विकतंय. दुसरा, पंपरूममध्ये काहीतरी लपवलंय. तिसरा त्याने मनातच ठेवला, कारण त्यात साप होता. राजसी तेरा वर्षांची, तिघांत मोठी. ती म्हणाली की आधी जाऊन बघू.

पंपरूमला नेहमीचं जुनं कुलूप होतं. ते तुटलं नव्हतं, उघडंही नव्हतं. संध्याकाळी पाणी आलं की खालची टाकी भरायची आणि मग काका स्वतः पंप सुरू करून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. सोसायटी झाली तेव्हापासून हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. या उन्हाळ्यात मात्र वरच्या मजल्यांना पाणी पुरेना. चौथ्या मजल्यावरच्या मीनलमावशी म्हणाल्या की कारभार आता दुसऱ्या कुणीतरी बघायला हवा, आणि त्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून अर्धी सोसायटी उरलेल्या अर्ध्या सोसायटीशी बोलत नव्हती. बॅडमिंटन खेळायलासुद्धा आता तिघंच उरले होते. बाकीच्या मुलांना घरून सांगितलं होतं, दुसऱ्या बाजूच्या मुलांबरोबर खेळायचं नाही.

"आपण विचारूया ना दोघांनाच," अनीश म्हणाला.

त्यांनी कामं वाटून घेतली. उन्नती आणि अनीश काकांकडे गेले, राजसी मावशींकडे. मुलांसमोर बोलताना मोठी माणसं फारसं सांभाळून बोलत नाहीत, हे राजसीला ठाऊक होतं. जिन्याखाली तिघं परत भेटली तेव्हा आधी उन्नतीने सांगितलं. काका म्हणाले होते, "सरळ मतदान झालं तर मीच निवडून येणार. ती आली तर समजायचं की गडबड झाली. आणि गडबड करणाऱ्यांच्या हातात मी पंप देणार नाही."

राजसीचा चेहराच बदलला. तिने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"अगं, मावशी अगदी हेच बोलल्या," ती म्हणाली. "फक्त 'ती'च्या जागी 'ते'."

गूढ उकललं होतं. त्यात चोर नव्हता, टँकर नव्हता, सापही नव्हता. पण मुलांना हायसं वाटेना. निकाल काहीही लागला तरी हरणारा माणूस पंपरूमकडे धावणार होता, आणि तिथे कुलूप पडलं की चारही मजले कोरडे राहणार होते. दुसऱ्या मजल्यावर राजसीच्या शेजारी महिन्याभराचं बाळ होतं. त्याच्या आईला पाण्यासाठी खाली-वर करता येणं शक्य नव्हतं.

उन्नती जवळच्या जांभूळ गावची. सुट्टीत ती आजीकडे, सगुणाबाईंकडे राहायला आली होती. ज्या जमिनीवर सोसायटी उभी होती ती मूळची सगुणाबाईंच्या घराण्याची, म्हणून तळमजल्यावरचा एक फ्लॅट त्यांचा होता. पूर्वी त्या जांभूळला ग्रामपंचायतीत होत्या. एकदा तिथे दोघांना सारखीच मतं पडली, चिठ्ठी टाकावी लागली आणि आजी हरली, एवढं उन्नतीने ऐकलं होतं. मग भांडण का झालं नाही, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. ते विचारायला तिघं आजीसमोर जाऊन बसली.

सगुणाबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं की चिठ्ठी उचलायच्या आधीच दोघांनी सगळ्या गावासमोर शब्द दिला होता, जे निघेल ते मान्य.

"हारल्यावर इचारला तं कोनीच हो बोलत नाय, पोरांनो," त्या म्हणाल्या. "आधी इचारायचा. तवा दोघाना पन वाटतं, आपूनच जिंकनार."

रविवारी सकाळी मतदानाआधी सगळे सभासद गच्चीवरच्या मंडपाखाली जमले. निवडणूक अधिकारी म्हणून प्राची मॅडम आल्या होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवले आणि कुणाला काही विचारायचंय का, असं म्हटलं. राजसी उठून उभी राहिली. तिने विचारलं, मोजणीबद्दल शंका आली तर परत कोण मोजणार? मतं सारखी पडली तर काय? आणि वाद मिटेपर्यंत पंप कोण चालवणार?

मंडपात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं की मुलांनी आपलं खेळायला जावं. प्राची मॅडम मात्र हसल्या नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांना नियमांत उत्तर आहे, त्या म्हणाल्या, तिसऱ्याला नाही, आणि ते उमेदवारांनी आत्ताच ठरवलं तर बरं. काका म्हणाले, तशी वेळच येणार नाही. मावशीही म्हणाल्या, वेळच येणार नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

तिघं खाली आली. उन्नतीला रडू यायला लागलं होतं, राजसीला राग. अनीश मात्र आपल्या सायकलकडे बघत उभा होता. सायकलला हिरव्या वायरचं जाडजूड कुलूप होतं. ती वायर पंपरूमच्या कडीतून आणि शेजारच्या खिडकीच्या गजातून फिरवली, तर कडीत दुसरं कुलूप शिरायला जागाच राहणार नव्हती. कल्पना तिघांनाही आवडली. पण वायर हातात घेतल्यावर अनीशच थांबला.

"पण आपल्याला कुणी निवडलंय?" त्याने विचारलं. "ते कुलूप लावणार म्हणून आपण लावतोय. मग फरक काय?"

बराच वेळ वाद झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. कुलूप कुणी लावलं हे लपवायचं नाही. आणि चावी स्वतःकडे ठेवायची नाही, ती सगुणाबाईंकडे द्यायची. दोघं उमेदवार एकत्र येऊन मागतील त्या क्षणी त्यांनी ती द्यायची, एकट्याला नाही. सगुणाबाई कुणाला मत देणार ते त्यांनी कुणालाच, अगदी उन्नतीलाही, सांगितलं नव्हतं. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांचा त्यांच्यावर सारखाच विश्वास होता.

संध्याकाळच्या सुमारास मोजणी झाली. मीनलमावशी एका मताने पुढे होत्या. पण एक मतपत्रिका प्राची मॅडमनी बाजूला काढून ठेवली. तिच्यावरचा शिक्का दोन नावांच्या मधल्या रेघेवर अगदी बरोबर बसला होता. काकांची माणसं म्हणाली, हे मत आमचं. मावशींची म्हणाली, बादच करा. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. कुणी कुणाची गचांडी धरली नाही एवढंच. तेवढ्यात काकांनी हा निकाल मान्य नाही असं जाहीर केलं आणि ते तरातरा जिना उतरायला लागले. ते कुठे निघाले हे मावशींनी ओळखलं. त्या दुसऱ्या जिन्याने धावल्या.

दोघंही जवळजवळ एकाच वेळी पंपरूमपाशी पोचले. काकांच्या हातात साखळी आणि कुलूप होतं, मावशींच्या हातात कुलूप. दोघांनी आधी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं आणि मग कडीभोवती घट्ट गुंडाळलेल्या हिरव्या वायरीकडे. दाराशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सगुणाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे तीन मुलं. वरची माणसंही एव्हाना खाली उतरली होती.

"हे कुणी केलं?" काका गरजले.

आम्ही, असं तिघांनी सांगितलं.

"तुम्हाला हा अधिकार कुणी दिला?"

"कुणीच नाही," अनीश म्हणाला. "म्हणून तर चावी आमच्याकडे ठेवली नाही."

सगुणाबाईंनी पदराची गाठ दाखवली. "चावी हितं हाय. दोघाव एकसाथ मागा, लगेच देन. एकल्याला नाय."

मग राजसी बोलली. तिने काकांचं वाक्य काकांना ऐकवलं आणि मावशींचं मावशींना, जसंच्या तसं. ऐकणाऱ्यांत कुजबुज झाली. खालच्या टाकीत पाणी पडायला लागलं होतं आणि त्याचा आवाज दारामागून स्पष्ट येत होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर राजसीची शेजारीण बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती दोघांकडे बघत होती.

मीनलमावशींनी आधी आपलं कुलूप पर्समध्ये टाकलं. "चिंतामणीकाका," त्या हळूच म्हणाल्या, "परत मोजूया. तुमचा माणूस टेबलाशी बसू दे, माझाही बसू दे. आणि पंप आत्ता तुम्हीच लावा. वाद आपला आहे, पाण्याचा नाही."

काकांनी हात पुढे केला. मावशींनीही केला. सगुणाबाईंनी गाठ सोडून चावी त्या दोन हातांच्या मधोमध धरली.

टाकी भरल्यावर मोजणी पुन्हा झाली. या वेळी प्रत्येक मतपत्रिका उंच धरून सगळ्यांना दाखवली गेली. आकडा तोच आला. वादातल्या शिक्क्यावरून मत नक्की कुणाला दिलंय ते कळत नाही, म्हणून ते बाद, असं प्राची मॅडमनी सांगितलं. कुणाला पटलं नाही तर वर दाद मागता येईल, असंही त्या म्हणाल्या. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी ती मतपत्रिका जवळ ओढून पाहिली. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुना जुडगा काढला आणि टेबलावरून मीनलमावशींकडे सरकवला.

"दाद नाही मागायची मला," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर मोजलंय."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. शेवटी प्राची मॅडमनी वाजवल्या आणि मग सगळ्यांनी. त्यांनी तिघा मुलांना पुढे बोलावलं आणि म्हणाल्या की सकाळचा तिसरा प्रश्न पुढच्या प्रत्येक सोसायटीत मतदानाआधी त्या स्वतः विचारणार. मागून हसणारे आता त्या मुलांची पाठ थोपटायला पुढे आले. सगुणाबाईंनी फक्त अनीशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चावी देताना मुलांनी सांगितलेला 'आपल्याला कुणी निवडलंय?' हा त्याचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीनलमावशी पंपरूममध्ये शिरल्या. मुलं दाराशी उभी होती. चिंतामणीकाकाही सवयीने खाली आले होते, पण ते आत गेले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उंबऱ्याबाहेर थांबले.

मावशींनी बटण दाबलं. पंप घरघरला, पण पाणी चढेना. त्यांनी बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकांची बोटं पाठीमागे चुळबुळत होती. ते अनीशला दिसत होतं.

"काका," शेवटी मावशींनीच हाक मारली, "जमत नाहीये मला. सांगता का?"

तेवढ्यासाठीच थांबले असावेत तसे काका उंबरा ओलांडून आत आले. बटणाला मात्र त्यांनी हात लावला नाही. पंपाच्या वरच्या बाजूचं झाकण उघडून आधी त्यात तांब्याभर पाणी ओतायचं, पाइपातली हवा जाऊ द्यायची आणि मग सुरू करायचं, हे त्यांनी मावशींकडूनच करून घेतलं. या वेळी पंपाचा आवाज वेगळा आला, खोल आणि एकसारखा.

"हा आवाज लक्षात ठेव, मीनल," काका म्हणाले. "तो पातळ झाला की खालची टाकी संपत आली. लगेच बंद करायचा, नाहीतर जळेल."

मावशी कान देऊन ऐकायला लागल्या. अनीशला विचारल्याशिवाय राहवेना. हरल्याचं वाईट वाटतंय का, असं त्याने काकांना विचारलं. राजसीने त्याला चिमटा काढला.

"वाटतंय," काका म्हणाले. मग बोट वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. वर, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं होतं.