परतकळ

चहाचा कप बाजूला सारून तेंडोलकर मास्तरांनी चष्मा लावला. टेबलाच्या काचेत त्यांच्या नातीचं, मुक्ताचं, बेट उजळलं होतं. निळं पाणी, पांढरी पुळण, धक्का, बाजार आणि वाटाण्याएवढी माणसं.

"आजोबा, ही माणसं आळशी झालीयत," मुक्ता कुरकुरली. "माडाची रोपं धक्क्यावर फुकट उतरवली, तरी एक जण लावत नाही. नुसते मासे धरतात नि खातात. माड नाहीत तर खोबरं नाही. मग शाळा कशाच्या जिवावर बांधू?"

"त्यांना विचारलंस का?"

"खेळातल्या माणसांना काय विचारायचं?"

"वर्गातल्या मुलांना विचारतात तसंच."

खेळ नव्या पद्धतीचा होता. जुन्या खेळांतली माणसं ठरावीक हुकमांवर हलत. इथे प्रत्येकाला एक छोटंसं, शिकणारं मन दिलेलं होतं. बोट टेकवलं की माणूस वर बघून बोले. आणि काही बिघडलंच तर परतकळ होती. ती दाबली की बेट काही वर्षं मागे जाई. मोडलेला धक्का पुन्हा उभा राही, बुडालेल्या होड्या पुन्हा काठाला लागत. मुक्ता ती सढळ हाताने वापरी. मास्तरांनीच तिला सांगितलं होतं, चुकलं तर रडायचं नाही. पाटी पुसायची, पुन्हा मांडायचं. उभ्या जन्मात त्यांनी किती मुलांना हे सांगितलं असेल!

मुक्ताने सगुणा नावाच्या बाईवर बोट टेकवलं. ती झोपडीच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधत होती.

"सगुणे, माड का गं लावत नाहीस?"

सगुणेने मान वर केली. "माड धरायला सात वर्षं लागतात, बाय. इथे सात वर्षं कधी होतच नाहीत."

"असं कोण म्हणतं?"

"कोणी नाही. रोप हातात घेतलं की खड्डा खणावासाच वाटत नाही." ती झोळीची गाठ ओढत राहिली. "आता हेच बघ. मला मूल नाही. पण सांज झाली की झोळी बांधल्याशिवाय राहवत नाही."

मुक्ताने चटकन बोट उचललं.

"आजोबा, तिला मुलगी होती. धक्का पडला म्हणून मी मागे गेले ना, त्याच्या आधीच्या वर्षी झालेली. मला वाटलं, परत होईल. झालीच नाही."

मास्तरांनी खेळाची माहिती उघडून तिला सावकाश वाचून दाखवली. परतकळ बेट मागे नेत होती, मनं नाही. दर खेपेला माणसं अधिक शहाणी व्हावीत म्हणून खेळ करणाऱ्यांनी त्यांचं शिकणं पुसायचं नाही असं ठरवलं होतं.

"म्हणजे तिला सगळं आठवतं?"

"आठवत नाही गं. पाटीवरचं अक्षर पुसलं जातं, पण दाबून लिहिलं असेल तर ओरखडा राहतो. तिच्याकडे नुसता ओरखडा आहे." मास्तरांनी चष्मा पुसला. "आठवलं असतं, तर एकदा रडून मोकळी तरी झाली असती."

मुक्ताने पुन्हा बोट टेकवलं आणि तिला जमेल तसं सगळं सांगून टाकलं. परतकळ, धक्का, मुलगी. सगुणा झोळीवर हात ठेवून ऐकत राहिली.

"मग होती तर ती," एवढंच ती शेवटी म्हणाली.

"सगुणाकाकी, आता मी मागे जाणार नाही. आईशप्पथ."

हळूहळू रोपं लागली. एका वादळात बाजाराचं छप्पर उडालं, तेव्हा मुक्ता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. माणसांनी कुरकुरत छप्पर पुन्हा घातलं. माडांना फुलोऱ्याची पहिली पोय आली. सगुणेला मुलगी झाली. तिचं नाव तिने चंपा ठेवलं. चंपा धावायला लागली तेव्हा मुक्ताने घरभर नाचून ती बातमी सांगितली.

मग मोठं वादळ आलं. सगुणेचा नवरा रघू समुद्रावर होता. बाकीच्या होड्या परतल्या, त्याची आली नाही.

सगुणा चंपाला कडेवर घेऊन पुळणीवर आली. कोणी बोट टेकवलं नव्हतं, तरी आज तिने आपणहून वर बघितलं.

"बाय, आहेस ना? ती कळ दाब. यांना परत आण."

मुक्ता पुटपुटली. "काकी, ती कळ एकदम काही वर्षं मागे नेते. मग चंपा..."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारते. हिला इथेच ठेवून यांना आणता येतं का?"

"नाही येत."

चंपाने आईच्या खांद्यावर मान टाकली. मुक्ताने आजोबांच्या बाहीला धरलं. "आजोबा, तुम्ही सांगा ना तिला काहीतरी."

मास्तर काचेवर वाकले. मुलांची भीती घालवायला त्यांना कधी शब्द शोधावे लागले नव्हते. आज त्यांनी नुसता नातीच्या पाठीवर हात ठेवला.

सगुणा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांच्या पिकल्या केसांकडे, नातीच्या पाठीवर ठेवलेल्या हाताकडे.

"आजोबा," तिने विचारलं, "तुमच्या तिथे माणूस गेलं, तर कळ कोण दाबतं?"