टाचून ठेवलेली ओळ

पेनिनाने कॉम्प्युटरला शिवी हासडली, आणि दारात कुणीतरी हसलं.

सालेलोलोगा या बेटावरच्या बंदराच्या गावातल्या शाळेत ती कारकून होती. नव्वद मुलांची नावं एका यादीतून कापून दुसरीत चिकटवायची होती. मधेच तिने भलतंच काही कॉपी केलं, फाईल बंद केली आणि नावं गडप झाली. दारातला तरुण शाळेचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला तीन आठवड्यांसाठी आला होता. त्याचं नाव सेतेफानो.

"आज गेलं ते गेलं," तो म्हणाला. "यापुढे मात्र ही खिडकीच्या चित्राची कळ दाबून धरायची... आणि व्ही."

त्याने ती सोय चालू करून दिली. मग हजेरीपट उघडून नव्वद नावं वाचून दाखवली, इतकी सावकाश की ती त्याचा आवाजच ऐकत राहिली आणि चाळिसाव्या नावाला टाइप करणारी तिची बोटं अडखळली.

दुसऱ्या दिवशी तिने दहा ओळी कॉपी केल्या आणि त्या दोन कळा दाबल्या. दहाच्या दहा ओळी एकाखाली एक उभ्या! ती थक्क झाली. पुसलेल्या पाटीवर अक्षरं परत उमटावीत, तसं तिला वाटलं.

"सगळं लक्षात ठेवतं हे?"

"मशीन बंद होईपर्यंत. टाचून ठेवलेलं तेवढं नंतरही राहतं." त्याने ओळीशेजारची चिमुकली टाचणी दाखवली.

"माणसांपेक्षा बरं की."

"कुठल्या माणसांपेक्षा?" त्याने विचारलं, आणि ती उगाच कीबोर्ड पुसू लागली.

रोज तो काहीतरी फुकटचं नवल घेऊन यायचा. कधी चित्रं काढायचा प्रोग्राम, कधी नाव टाइप करता करताच फाईल हुडकून देणारा. पेनिना आ वासून बघायची, तो तिच्या डब्यातले पानिकेके, तळलेले गोड गोळे, संपवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

त्याला ऑकलंडला नोकरी लागली होती. सोमवारी बाराची बोट. "जाऊ का?" त्याने एकदा सहज विचारलं.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

शुक्रवारी दुपारी एकटी असताना तिने टाइप केलं – 'सेतेफानो, जाऊ नकोस.' वाचलं, कान तापले, आणि घाईघाईने ओळ कापून टाकली. तेवढ्यात तो मशीनवर शेवटची नजर टाकायला आला. ती कोको आणायला गेली. परतली तेव्हा तो उठला होता. "येतो," एवढंच म्हणाला. तिच्या हातात दोन पेले तसेच राहिले.

सोमवारी सकाळी तिने सवयीने त्या दोन कळा दाबल्या. मशीन मधे बंद होतं, म्हणजे काहीच उरायला नको होतं. पण दोन ओळी होत्या, दोन्ही टाचलेल्या. पहिली तिची, शुक्रवारी कापलेली. खाली दुसरी – 'हे तोंडाने सांग. बारापर्यंत धक्क्यावर आहे.'

गेलेलं गेलं नव्हतं तर!

ती धावतच सुटली. धक्क्यावर तो बोटी बांधायच्या एका ठेंगण्या दगडी खांबावर बसला होता, मागे बोट भोंगा वाजवत होती.

"सेतेफानो... जाऊ नकोस."

"परत म्हण," तो म्हणाला. "पहिल्यांदा नीट कॉपी झालं नाही."

तिने परत म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं, त्याने बॅग आणलीच नव्हती.